थंडरबर्डचं इंजिन लगेच उघडू नका

जुनी क्रूझर ओढेनाशी झाली, धूर दिसला किंवा टाकटाक आवाज आला, की गॅरेजच्या ओट्यावरून पहिलं वाक्य ठरलेलं असतं : ‘इंजन खोला लागते, भाऊ.’ कधी ते खरंही असतं. पण बऱ्याचदा दोष इंजिनाच्या बाहेर असतो. बॅटरीच्या टर्मिनलवर, एअर फिल्टरच्या कागदात, कार्बोरेटरच्या रबरी पडद्यात नाहीतर पेट्रोलमध्ये उतरलेल्या पाण्यात. वाशिम जिल्ह्यात अशी गाडी बाळगणाऱ्याला हा फरक कळणं गरजेचं आहे. इंजिन एकदा उघडलं की एखाद्या जाळीसाठी, सीलसाठी किंवा सर्कलिपसाठी अकोल्याची वाट धरावी लागते. सुटा भाग मिळेपर्यंत अर्धं इंजिन गॅरेजच्या कोपऱ्यात धूळ खात पडतं आणि त्या धुळीचा हिशेब पुढे सिलिंडरला चुकवावा लागतो.

आपल्याकडे क्रूझर म्हटल्यावर हार्ले-डेव्हिडसन आठवायचं कारण नाही. बजाजने कावासाकीच्या मदतीने २००१मध्ये १७५ सीसीची एलिमिनेटर आणली. तिच्या जागी २००५मध्ये १८० सीसीची अॅव्हेंजर आली, ती २००७मध्ये २०० आणि २०१०मध्ये २२० सीसीची झाली. रॉयल एनफिल्डची थंडरबर्ड २००२ची. तिचं पहिलं इंजिन एव्हीएल या ऑस्ट्रियन कंपनीच्या सहकार्याने तयार झालेलं होतं. त्या दशकाच्या शेवटी इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच घरात असलेलं यूसीई इंजिन आलं, आणि २०१२मध्ये थंडरबर्ड ५०० आली. ४९९ सीसी, सुमारे २७ बीएचपी, ४१ न्यूटन-मीटर टॉर्क, इंधनासाठी इंजेक्शन आणि २० लिटरची टाकी. २०२०मध्ये बीएस-६चे नियम लागू झाले आणि थंडरबर्ड बंद पडली, तिच्या जागी मीटिऑर आली. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी कुठलीही थंडरबर्ड जुनीच गाडी आहे. नेटाने पळणारी क्रूझर म्हणून वऱ्हाडात अजून तिलाच मान आहे, म्हणून इथलं बोलणं मुख्यतः तिच्याबद्दल. अॅव्हेंजरचं जिथे वेगळं, तिथे तसं सांगितलं आहे.

मिस्त्रीकडे जाण्याआधी आपल्या गाडीत कोणतं इंजिन आहे, हे मालकाला माहीत हवं. एव्हीएल आणि यूसीईचे बहुतेक भाग एकमेकांना बसत नाहीत. ३५० आणि ५००चा पिस्टनही वेगळा : ३५०चा बोअर ७० मिलिमीटर, ५००चा ८४. ‘थंडरबर्डचं पिस्टन द्या’ असं दुकानात सांगणारा हमखास चुकीचा डबा घेऊन परततो. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांचा फोटो मोबाईलमध्ये ठेवावा आणि भाग मागवताना तोच दाखवावा.

आता बॅटरी. यूसीई थंडरबर्डमधलं सगळ्यात महागडं दुखणं तिच्यापासूनच सुरू होतं, म्हणून इथे थोडं थांबू.

सकाळी गाडी काढली. सेल्फ दाबला. इंजिन अर्धा फेरा फिरलं, अडलं आणि आतून ‘खट्ट’ असा लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज आला. पुन्हा दाबलं, पुन्हा खट्ट. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली आणि मालक निघून गेला. आत काय घडलं? बॅटरी अशक्त असल्यामुळे स्टार्टर मोटरला पिस्टन दाबाच्या टोकापलीकडे नेता आला नाही. तेवढ्यात ठिणगी पडली आणि इंजिनाने उलटा हिसका दिला. तो हिसका गेला स्प्रॅग क्लचवर. स्टार्टरची ताकद एकाच दिशेने इंजिनाला देणारा हा भाग डाव्या बाजूच्या कव्हरमध्ये, अल्टरनेटरच्या मागे बसलेला असतो. असे हिसके खाऊन खाऊन त्याच्या आतल्या गोट्यांसारख्या तुकड्यांची पकड जाते. मग मोटर घुर्रघुर्र फिरते, पण इंजिन हलत नाही. कव्हर उघडा, रोटर पुलरने काढा, स्प्रॅग बदला. यात काही हजार रुपये जातात. वेळेवर बदललेली बॅटरी त्याहून किती तरी स्वस्त पडली असती.

म्हणून शे-दोनशे रुपयांत मिळणारा साधा मल्टिमीटर घरी ठेवावा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा दिसायला हवा. १२.४च्या खाली असेल तर आधी चार्जिंग. सेल्फ दाबताना आकडा १०च्या खाली घसरला, तर बॅटरीचे दिवस भरत आले. गाडी सुरू करून थोडा अॅक्सिलरेटर दिल्यावर १३.८ ते १४.५ यांच्यात आकडा दिसला की चार्जिंग ठीक. त्याहून वर जात असेल तर रेग्युलेटर-रेक्टिफायर बिघडलेला आहे, आणि तो नवी बॅटरीही उकळून टाकेल. नव्या बॅटरीचे पैसे देण्याआधी ही शेवटची तपासणी करा, कारण बॅटरी बदलूनही दोन महिन्यांत तीच तक्रार येण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर ती गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून, वर ग्रीसचा हलका हात द्यावा. इंजिनाकडे जाणारी अर्थची वायर चेसिसला जिथे बोल्टने बांधलेली असते, तिथला गंज पॉलिश पेपरने घासावा. थंडरबर्डला किकही आहे. बॅटरी शंकास्पद वाटली त्या दिवशी सेल्फला हात न लावता किक मारणं, हीच मोठी बचत.

ऑईलच्या बाबतीत गॅरेज आणि मालक दोघेही निष्काळजी असतात. यूसीईत इंजिन, गिअरबॉक्स आणि ओला क्लच एकाच ऑईलवर चालतात. कंपनीने सांगितलेला दर्जा १५डब्ल्यू-५० आणि डब्यावर ‘जासो एमए’ ही खूण. कारसाठीच्या बऱ्याच ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात. ती कारला चांगली, पण ओल्या क्लचच्या प्लेटा त्यांच्यामुळे घसरतात. चौथ्या गिअरमध्ये चढावर अॅक्सिलरेटर उघडल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही, असं झालं तर क्लचप्लेट बदलण्याआधी गेल्या वेळी कोणतं ऑईल पडलं होतं ते आठवून बघा. अकोल्याकडून येताना पातूरच्या घाटात ही परीक्षा आपोआप होते.

ऑईलची पातळी बघायला यूसीईच्या उजव्या बाजूला एक छोटी गोल काच आहे. गाडी पाच मिनिटं चालवून, बंद करून, डबल स्टँडवर सरळ उभी करून, ऑईल खाली उतरायला थोडा वेळ देऊन ती बघायची. साइड स्टँडवर कललेल्या गाडीची काच पाहून ऑईल ओतणारे कमी नाहीत; मग जास्तीचं ऑईल ब्रीदर पाइपातून एअर बॉक्समध्ये जातं, आणि ‘इंजिन ऑईल खातंय’ अशी हाकाटी होते. ऑईलबरोबर फिल्टर बदलायचा आणि फिल्टरच्या झाकणाची ओ-रिंगही बदलायची. ते दहा-वीस रुपयांचं रबरी कडं जुनंच ठेवल्यामुळे दाबाची गळती होते. ड्रेन बोल्ट तर अॅल्युमिनियमच्या केसमध्ये बसतो. लांब पान्याला लटकून तो आवळला की आटे जातात, आणि मग लेथवाल्याकडे हेलिकॉइल बसवण्याची वेळ येते. नवा वायसर आणि मनगटाच्या जोराने आवळणं एवढं पुरतं. टॉर्क पाना असेल तर उत्तमच.

ऑईल किती किलोमीटरला बदलायचं, ते माहितीपुस्तिकेत आहे. पण तो आकडा मे महिन्यातल्या वाशिमसाठी लिहिलेला नाही. ४३-४४ अंशांत हवेवर थंड होणारं इंजिन, कारंज्याच्या बाजारात रखडत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालवलं, तर ऑईल लवकर पातळ पडतं. वर्षभरात गाडी फारशी पळाली नसली, तरी दिवाळीच्या आधी एकदा ऑईल बदललेलं बरं. सिलिंडरच्या पंख्यांवर, म्हणजे त्या आडव्या पात्यांमध्ये, वाळलेला काळ्या मातीचा चिखल असेल तर तो ब्रशने काढावा. अॅव्हेंजर २२०ला ऑईल कूलर आहे. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल त्याच्या जाळीत बसतो. तो हलक्या पाण्याने धुवायचा, वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने नाही, नाहीतर पाती चेपतात.

त्या फवाऱ्याबद्दल एवढंच : तो कॉनसेटच्या बेअरिंगमध्ये, चाकाच्या हबमध्ये आणि टाकीखालच्या वायरिंगच्या जोडांमध्ये पाणी घुसवतो. गाडी चकचकीत दिसते आणि आठवड्याने मिसफायर होऊ लागते.

सोयाबीनची काढणी सुरू झाली की जिल्हाभर थ्रेशरची बारीक धूळ हवेत असते. एअर फिल्टर कागदाचा असेल तर तो आतून बाहेर, अंतर ठेवून, कमी दाबाच्या हवेने झटकावा. बाहेरून हवा मारली की धूळ कागदात आणखी रुतते. त्याला ऑईल लावायचं नाही, रॉकेलने धुवायचं तर नाहीच. काळवंडलेला फिल्टर फेकून नवा टाकणं हाच हिशेबी मार्ग, कारण फिल्टर काढून ‘पिकअपसाठी’ गाडी उघडी पळवणाऱ्यांच्या इंजिनात तीच धूळ रिंग आणि सिलिंडर घासते. त्यांना इंजिन खरंच उघडावं लागतं.

पेट्रोलचा प्रश्न अलीकडचा. आता पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं; या गाड्या बनल्या तेव्हा ते नव्हतं. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. दोन-तीन महिने अर्धवट टाकी घेऊन उभी राहिलेली गाडी पावसाळ्यानंतर सुरू करताना हे लक्षात ठेवायला हवं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं, की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. लोखंडी टाकीला तिथूनच गंज लागतो. शिवाय ज्या मॉडेलचं झाकण टाकीच्या पृष्ठभागात खोल बसतं, त्याच्या खोबणीतून पाणी वाहून जायला एक बारीक छिद्र असतं. ते मातीने बुजलं की पावसाचं पाणी सरळ पेट्रोलमध्ये.

तपासणी सोपी आहे. कार्बोरेटरवाल्या ३५०च्या फ्लोट वाटीला खाली एक निचऱ्याचा स्क्रू असतो. इंजिन थंड असताना, मोकळ्या हवेत, आसपास विडी-सिगारेट किंवा ठिणगी नसताना, तो सैल करून पेट्रोल काचेच्या पारदर्शक बाटलीत घ्यावं आणि पाच मिनिटं ठेवावं. तळाशी पाण्यासारखा वेगळा थर, थेंबांच्या गोळ्या किंवा तांबूस गाळ दिसला की निदान झालं. टाकी रिकामी करा, कॉकची जाळी धुवा, पेट्रोलची रबरी नळी बदला. नळी हाताला मऊ, फुगलेली किंवा भेगाळलेली लागत असेल तर ती तशीही बदलायचीच. उभ्या गाडीची टाकी एक तर भरलेली ठेवावी, नाहीतर पूर्ण रिकामी करून कार्बोरेटरची वाटीही मोकळी करावी.

थंडरबर्ड ३५०चा कार्बोरेटर पडद्याचा आहे. स्लाइड वर उचलण्यासाठी त्यात पातळ रबरी पडदा असतो. गाडी ताशी ६०पर्यंत नीट जाते आणि पुढे कितीही अॅक्सिलरेटर पिळला तरी ओढत नाही, अशी तक्रार असेल तर वरचं झाकण उघडून तो पडदा उजेडासमोर धरावा. सुईच्या टोकाएवढं छिद्रही पुरे होतं. याच लक्षणावर क्लचप्लेट बदलल्या जातात, बोअर केला जातो, आणि गाडी ६०वरच अडून राहते. कार्बोरेटर आणि सिलिंडर यांना जोडणाऱ्या रबराला भेग असेल तर तिथून जास्तीची हवा आत जाते. आयडलिंग वरखाली होतं, अॅक्सिलरेटर सोडल्यावर सायलेन्सर फटफटतो. ही भेग शोधायला तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडायची जुनी सवय धोक्याची. त्या जागी थोडं साधं पाणी फवारलं, तरी भेग असेल तर आयडलिंग बदललेलं कळतं.

३५०च्या यूसीईला आणि अॅव्हेंजरला दोन स्पार्क प्लग आहेत. यातली गंमत अशी, की एक प्लग मेला तरी गाडी चालते. अॅव्हरेज पडतं, पिकअप मंदावतो, पण बंद पडत नाही, म्हणून कोणाला संशय येत नाही. इंजिन बंद असताना एका प्लगची टोपी काढा, उघडी टोपी सुट्या प्लगवर बसवून तो इंजिनाच्या धातूला टेकवा, आणि गाडी सुरू होते का बघा. मग दुसऱ्याचं तसंच. चालू इंजिनावर टोपी ओढू नये, झटका बसतो. काढलेला प्लगही बरंच सांगतो. फिक्या तपकिरी रंगाचं टोक म्हणजे सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा फिल्टर बुजलेला. ओलं, तेलकट टोक असेल, तेव्हा मात्र इंजिनाच्या आतल्या भागावर संशय घ्यायला जागा आहे.

५००मध्ये कार्बोरेटर नाही. चावी फिरवल्यावर टाकीतून पंपाचा दोन-तीन सेकंद बारीक गुणगुणण्याचा आवाज यायला हवा. तो आला नाही तर आधी फ्यूज, मग रिले, मग टाकीखालचा कनेक्टर, आणि शेवटी पंप. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे सतत रिझर्व्हवर चालवायची सवय त्याला मारक. मीटरवर इंजिनाचा दिवा लुकलुकत राहिला, तर तो सांकेतिक आकडा दाखवत असतो. लुकलुकण्याचा मोबाईलवर व्हिडिओ काढून जाणकाराला दाखवावा. अंदाजाने सेन्सर बदलत बसण्यापेक्षा ते बरं.

आता आवाज. यूसीईत टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑईलच्या दाबावर आपोआप जुळणारे. काही दिवस उभी असलेली गाडी सुरू केल्यावर काही क्षण टकटक होणं स्वाभाविक आहे. त्यावर ‘टॅपेट सेटिंग’चे पैसे घेणारा मिस्त्री भेटला तर सावध व्हा. एव्हीएलच्या आणि अॅव्हेंजरच्या टॅपेटना मात्र सेटिंग लागतं, आणि ते इंजिन पूर्ण थंड असताना, फीलर गेजनेच. कानाने नाही.

चेन आणि ब्रेक यांचं थोडक्यात. थंडरबर्डच्या चेनला मधोमध २५ ते ३० मिलिमीटर झोल हवा. एकदा मोजून भागत नाही; मागचं चाक फिरवून चार ठिकाणी मोजा, कुठे घट्ट कुठे ढिली असेल तर चेन सेटच बदलायचा, दोन्ही चक्रांसह. नव्वद नंबरचं ऑईल चालतं, पण चिखल पुसल्यावर. चेन पुसताना गाडी गिअरमध्ये चालू ठेवायची नाही, बोटं जातात. ब्रेक फ्लुइड दोन वर्षांनी बदलावं, दर्जा झाकणावरच लिहिलेला असतो. टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा : ३२१५ म्हणजे २०१५चा ३२वा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढं जुनं रबर डांबरी रस्त्यावर पहिल्या पावसात धरत नाही.

हे सगळं तपासूनही ऑईल कमी होत राहिलं आणि धूर निळा असेल, तर इंजिनाकडे वळायचं. अॅक्सिलरेटर दिल्यावर सलग निळा धूर म्हणजे बहुधा रिंग किंवा बोअर. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून पुन्हा दिल्यावर एक लोट येत असेल तर व्हॉल्व्ह सील, म्हणजे फक्त हेड उतरवून भागेल. आधी कॉम्प्रेशन मोजून घ्या. मग प्लगच्या छिद्रातून थोडं ऑईल टाकून पुन्हा मोजा. दाब वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. ही तपासणी न करता बोअर सांगणाऱ्याला दोन प्रश्न विचारा : रोटरचा पुलर आहे का, आणि बोअर मोजायला काय वापरता? पुलरऐवजी हातोडी आणि मायक्रोमीटरऐवजी अंगठा, असं उत्तर मिळालं तर गाडी टेम्पोत घालून अकोल्याला नेलेली परवडते. बोअर करायचा तर पिस्टन आधी आणायचा आणि लेथवाल्याच्या हातात द्यायचा, कारण फट त्या पिस्टनवरून ठरते. खोललेला प्रत्येक जुना भाग परत मागून घ्या.

कागदपत्रं हाही दुरुस्तीचाच भाग. नोंदणीला १५ वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर आला. पुढचं नूतनीकरण पाच वर्षांचं असतं. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला. जुन्या गाडीवर अकोल्याचा एमएच-३० असेल, तर मालकी आणि पत्ता आरसीवर बरोबर आहे ना, हे विकत घेण्याआधीच पाहावं. १ एप्रिल २०१९च्या आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट लागते. आणि तो कानठळ्या बसवणारा ‘इंदोरी’ सायलेन्सर उतरवून मूळचा बसवा. पोलीस दंड करतात हे एक, शिवाय सायलेन्सर बदलल्यावर कार्बोरेटरचं मिश्रण बिघडतं आणि इंजिन गरम चालतं. क्रूझर म्हणजे महामार्ग हे खरं असलं, तरी जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर दुचाकीला बंदी आहे. अकोला-वाशिम-हिंगोली हाच आपला रस्ता.

येत्या रविवारी एक वही घ्या आणि चार नोंदी करा : मीटरवरचे किलोमीटर, ऑईल बदलल्याची तारीख आणि दर्जा, बॅटरीचं उभ्या गाडीतलं आणि चालू गाडीतलं व्होल्टेज, टायरवरचे चार आकडे. पुढच्या वेळी गॅरेजला जाताना ही वही मिस्त्रीपुढे ठेवा, आणि इंजिन उघडायचं म्हणत असतील तर कारण याच वहीत त्यांच्याकडून लिहून घ्या.